खोडव्याचं सिरॅमाइड

तो डाग मी पहिल्यांदा बघितला तेव्हा प्रयोगशाळेत एकटीच होते, आणि एकटी असूनही मी टाळ्या वाजवल्या. माझा स्वभावच तसा आहे. राग आला तर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो आणि आनंद झाला तर वरच्या मजल्यावर. संशोधन करणाऱ्या माणसानं गंभीर असावं म्हणतात. मला ते अजून जमलेलं नाही.

कडेगाव तालुक्यातल्या ऊसवाल्या घरातून मी कऱ्हाडच्या एका कॉलेजात आले, ती पेशींमधल्या चरबीवर पीएचडी करायला. आई विचारणाऱ्यांना सांगते, "ती तेलावर काम करती." त्यामुळे आमच्या शेजारणीचा बरेच दिवस असा समज होता की मी कुठल्यातरी घाण्यावर नोकरीला आहे. मी तो दूर करायच्या भानगडीत पडले नाही, कारण खरं काय ते सांगायला दोन तास लागले असते आणि ती चुलीवर दूध ठेवून आली होती.

इथं थोडक्यात सांगते. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असतं, निरनिराळ्या स्निग्ध पदार्थांचं. त्यातल्या एका कुळाचं नाव स्फिंगोलिपिड. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला हे पदार्थ म्हणजे कोडंच वाटलं होतं, म्हणून कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून नाव पडलं. सिरॅमाइड हा त्याच कुळातला. पण तो नुसता भिंतीत बसून राहत नाही, निरोप देतो. पेशीत सिरॅमाइड वाढलं की पेशीला कळतं, आता वाढणं थांबव, किंवा सरळ आवरतं घे. कर्करोगाच्या पेशी थांबायचं विसरलेल्या असतात. म्हणून त्यांच्यात सिरॅमाइड कसं वाढतं आणि ते येतं कुठून, हे समजून घेण्यात आमच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं घालवतात.

मी अशा पेशी प्लॅस्टिकच्या बशीत वाढवायचे, एका औषधानं त्यांना डिवचायचे आणि सिरॅमाइड किती वाढलं ते बघायचे. बघायची पद्धत जुनी आणि मला फार आवडणारी. पेशींतला स्निग्ध भाग काढायचा, तो करंगळीएवढ्या काचेच्या बाटलीत वाळवायचा, मग त्याचे थेंब पांढरा थर दिलेल्या काचेच्या पट्टीवर खालच्या बाजूला ओळीनं ठेवायचे आणि पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं, आणि प्रत्येक स्निग्ध पदार्थ आपापल्या उंचीवर थांबतो. शेवटी पट्टीवर एक फवारा मारून ती तापवायची. भाकरीवर पडतात तसे तपकिरी डाग उमटतात. सिरॅमाइडची उंची मला झोपेतसुद्धा सांगता येईल.

तर तो पहिला डाग. पेशी साध्यासुध्या कच्च्या मालापासून सिरॅमाइड नव्यानं तयार करतात, हे पुस्तकात असतं. ती वाट बंद करणारं एक औषध मिळतं. मी ते घातलं होतं आणि पेशींना डिवचलं होतं. नवं बनवणं बंद, तेव्हा सिरॅमाइड वाढायला नको. आणि पट्टीवर तिसऱ्या जागेला, बरोबर त्याच उंचीवर, चांगला गडद डाग. टाळ्या वाजवल्या त्या तेव्हा.

माझे मार्गदर्शक सर माणदेशातले. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. सर कमी बोलतात, आणि बोलतात ते असं की उत्तर आपल्यालाच शोधावं लागतं. पट्टी उजेडाकडे धरून ते म्हणाले, "नवं बंद केलंस. मग हे आलं कुठून?"

त्या संध्याकाळी घरी फोन केला. आबा, म्हणजे माझे वडील, मळ्यातून आले होते, तोडणी नुकतीच संपली होती. मी उत्साहाच्या भरात सगळं सांगत सुटले, की आबा, आवं, नवं बनवायचं मी बंद केलंय तरी ते येतंयच. आबांनी बराच वेळ हूं हूं केलं. मग म्हणाले, "आगं मग खोडवा आसंल. लागण न्हाई केली म्हून ऊस यायचा ऱ्हातोय व्हय? बुडखं जिमिनीत हायतच की."

लागण म्हणजे नवं बेणं लावून केलेला ऊस. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या जुन्या बुडख्यांतून फुटून आलेला. नवं बेणं नाही, नवी लागण नाही, तरी शिवार हिरवं. हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आबा दहावीपर्यंत शिकलेले, पण त्या दिवशी त्यांनी मला गाठलं.

पेशींचा खोडवा असा. जुन्या आवरणातली मोठी स्फिंगोलिपिडं पेशीच्या आतल्या लायसोसोम नावाच्या पिशवीत जातात. तिथं त्यांचे तुकडे होतात. शेवटी उरतं स्फिंगोसिन. हे स्फिंगोसिन फेकून दिलं जात नाही, ते पिशवीतून बाहेर येतं, त्याला एक नवी शेपटी जोडली जाते आणि पुन्हा सिरॅमाइड तयार. जगात हे इतरांनी आधीच दाखवलं होतं, मी काही पहिली नव्हे. पण माझ्या डिवचायच्या औषधानं, माझ्या पेशींत तेच होतंय का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक करून घ्यायचं होतं. पुढची जवळजवळ तीन वर्षं मी त्याच्यामागं लागले, आणि दर पट्टीवर तो तिसरा डाग येत राहिला.

फक्त एक प्रयोग राहिला होता, आणि तोच निकाल लावणारा. शेपटी जोडण्याचं काम बंद पाडणारं एक विष आहे. ते कुजक्या मक्यावरच्या बुरशीतून मिळतं. तीच बुरशी जिच्यामुळे आबा काळी पडलेली कणसं गुरांपुढं टाकू देत नाहीत. नवी वाट असो की खोडव्याची, शेपटी जोडावीच लागते. म्हणजे हे विष घालणं म्हणजे प्रीतिसंगमाच्या खाली बांध घालणं. कृष्णा काय नि कोयना काय, दोन्हींचं पाणी अडतं. माझा डाग खोडव्याचा असेल तर या विषानं तो पुसला जायला हवा. नाही पुसला, तर माझं म्हणणं खोटं. विष महाग. आमच्याकडं दोन प्रयोगांपुरतं आलं होतं.

शुक्रवारी बाहेरची समिती येणार होती. माझं काम पुढं चालू ठेवायचं की थांबवायचं, हे त्यांनी ठरवायचं होतं. बुधवारी मी विषाचा प्रयोग केला. सरांच्या सांगण्यावरून पाचवी जागा कोरी ठेवली होती, म्हणजे बाटलीत पेशी नाहीतच, नुसतं द्रावण. तिथं काहीच दिसायला नको.

पट्टी तापली. पहिल्या जागेला फिकट डाग, साध्या पेशींचा. दुसरीला गडद, डिवचलेल्या पेशींचा. तिसरीला गडद, माझा लाडका. चौथीला, जिथं विष घातलं होतं आणि काही उरायला नको होतं, तिथंही गडद. आणि पाचवीला, जिथं पेशीच नव्हत्या, तिथंही डाग. बरोबर त्याच उंचीवर.

पेशी नाहीत आणि सिरॅमाइड आहे, याचा अर्थ ते बाटलीतूनच आलं होतं. मी पाचवी बाटली उचलली आणि खिडकीशी नेली. काच लख्ख होती. तिरकी धरली तेव्हा अंगावर फिकट निळा आकडा दिसला, घासून पुसलेला. सतरा. शेपूट लांब काढलेला सात, माझाच. ती बाटली मी वर्षभरापूर्वी एका फसलेल्या प्रयोगात वापरून टाकलेली होती.

प्रयोगशाळेतली भांडी धुण्याचं, झाडलोटीचं काम बघणारे मामा साताऱ्याजवळच्या गावचे. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले. रोज सकाळी यष्टीनं यायचे, संध्याकाळी यष्टीनं जायचे, आणि त्यांनी लावलेल्या फळीवर बाटल्या अशा उभ्या असायच्या की जणू आत्ता कुणी साहेब पाहणीला येणार आहे. मी बाटली घेऊन व्हरांड्यात गेले आणि सुरू झाले. ज्युनिअर पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या. वापरलेल्या बाटल्या परत ट्रेमध्ये कुणी ठेवल्या, माझी तीन वर्षं कुणी पाण्यात घातली, असलं बरंच काही मी बोलले. मामा हातातली बादली खाली ठेवून सरळ उभे राहिले.

"तुमीच सांगितलं हुतं, म्याडम," ते हळू आवाजात म्हणाले. "फेकू नगा, धुवून ठिवा म्हून. नव्या फुडं, धुतल्याल्या मागं ठिवतो मी. त्या बाटल्यांच्या बुडाला..."

"मामा, आता एक शब्द नको."

ते गप्प झाले. मी आत जाऊन दार लावलं, ते जरा जास्तच जोरात लागलं.

दार लावल्यावर आठवलं. पहिला महिना होता माझा. पुण्याहून यायच्या बाटल्या अडकल्या होत्या, आणि मामा वापरलेल्या बाटल्या फुटक्या काचेच्या डब्यात टाकत होते. माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या, धडधाकट बाटल्या. आमच्या घरात दुधाची पिशवीसुद्धा धुऊन दोरीवर वाळते. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "अहो मामा, फेकताय कशाला? सोड्यानं धुवा, उन्हात वाळवा, नवी बुचं लावा. आमच्याकडं लोणच्याच्या बरण्या पिढ्यान्‌पिढ्या चालतात." आठवड्यानं नव्या बाटल्या आल्या आणि मी ते बोलणं विसरून गेले. मामा विसरले नाहीत. थांबा, असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं.

आणि लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी झाकण उघडल्यावर तेलाचा वास येतोच, हे मला चांगलं माहीत होतं. पाण्यानं तेल जात नाही. चरबीवर संशोधन करणाऱ्या बाईनं हे विसरावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

खरी भीती वेगळीच होती. नव्या बाटल्या पुढं, धुतलेल्या मागं. मी कायम पुढून घेत जायचे: आधी साध्या पेशी, मग डिवचलेल्या, मग नवी वाट बंद करून डिवचलेल्या. म्हणजे माझा तिसरा डाग बहुतेक वेळा मागच्या ओळीतल्या बाटलीत गेला असणार. ज्याला मी तीन वर्षं पेशींचा खोडवा म्हणत होते, तो माझ्याच जुन्या बाटल्यांचा असू शकत होता.

सरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "मामांना धुवायला कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"मग सुरुवात तिथून कर," म्हणाले, आणि फोन लावायला लागले. साताऱ्यातल्या एका कॉलेजात त्यांच्या ओळखीची प्रयोगशाळा होती, तिथं बाटल्यांचा सीलबंद खोका शिल्लक होता. मामांनी सकाळी येताना तो आणायचा, मी उरलेल्या विषावर प्रयोग पुन्हा करायचा. 'सुरुवात तिथून कर' याचा अर्थ मला बरोबर कळला होता. पण व्हरांड्यातून जाताना मामा भेटले आणि माझ्या तोंडून काही निघालं नाही. चूक कळणं आणि चूक बोलून दाखवणं यात माझ्या बाबतीत एक दिवसाचं तरी अंतर असतं.

गुरुवारी सकाळी आठला मी पेशींना डिवचलं. दहाला मामा आले. खोका त्यांनी पोटाशी धरून आणला होता, उसाच्या ट्रॉल्यांमुळं हायवेवर यष्टी तासभर रखडली होती आणि त्यांना बसायला जागाही मिळाली नव्हती, हे मला नंतर एका ज्युनिअर पोरीकडून कळलं. माझ्यापाशी ते काहीच बोलले नाहीत. खोका टेबलावर ठेवला, सीलवर बोट ठेवून दाखवलं आणि गेले. मी म्हटलं, रुसलेत. बरोबरच आहे त्यांचं.

दुपारभर मी दुसरा विचार केला नाही. पेशी गोळा केल्या, स्निग्ध भाग काढला, नव्याकोऱ्या बाटल्यांत घातला, नायट्रोजनखाली वाळवला. प्रत्येक बाटली उजेडात फिरवून बघितली. थेंब ठेवता ठेवता दोन वेळा उठून पाणी पिऊन आले. चारच्या सुमाराला पट्टी द्रावणात उभी केली आणि समोर खुर्ची टाकून बसले. द्रावण चढायला जो वेळ लागतो तो माझ्यासारखीसाठी शिक्षा आहे. ज्युनिअर पोरी मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. आदल्या दिवशीचा तमाशा बघितलेल्या सगळ्या.

पट्टी तव्यावर ठेवली. आमच्या तापवायच्या यंत्राला आम्ही तवाच म्हणतो. पहिल्या जागेला फिकट उमटलं. दुसरीला गडद. तिसरीला गडद. मी चौथीकडं बघायचं टाळून आधी पाचवीकडं बघितलं. कोरी. एकदम कोरी, पांढरीशुभ्र. मग चौथी. तिथं वरखाली बाकीचे सगळे डाग होते, आणि सिरॅमाइडच्या उंचीवर फिकट पुसटसा ठिपका, साध्या पेशींपेक्षाही फिकट. विषानं तो खाल्ला होता. बांध घातल्यावर पाणी अडलं होतं.

पेशी खरंच जुनं मोडून निरोप लिहीत होत्या. मी काय ओरडले ते आठवत नाही, पण वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले एवढं खरं. एका पोरीला मिठी मारली, तिच्या हातातली पिपेट पडली. तीन वर्षं ज्या गोष्टीचा माग काढत होते ती माझ्यासमोर तपकिरी रंगात बसली होती, आणि नसलेल्या डागाचा मला असलेल्या डागापेक्षा जास्त आनंद झाला होता.

सरांनी पट्टी उजेडाकडे धरली. त्यांचे डोळे हसले, मी शपथेवर सांगते. मग ते म्हणाले, "चांगलं आहे. पण ही एक पट्टी. मागच्या पट्ट्या उद्या दाखवता यायच्या नाहीत. कुठली बाटली नवी आणि कुठली धुतलेली, हे आपल्याला सांगता येत नाही."

ते खरंच होतं. एका पट्टीवर समिती काय ठरवणार? पुन्हा करून दाखव म्हणणार, आणि विष संपलेलं. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मामांची यष्टी साडेपाचची.

मी पट्टी चांदीच्या कागदात गुंडाळली आणि निघाले. रिक्षा मिळेना, रस्त्यावर एकामागं एक उसाच्या ट्रॉल्या. स्टँडपर्यंत जवळजवळ धावतच गेले. सातारा फलाटावर मामा रांगेत उभे होते, डबा काखोटीला मारून. मी धापा टाकत समोर जाऊन उभी राहिले आणि काहीच न बोलता कागद उघडून पट्टी त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी ती नीट बघितली. पाचव्या जागेवर बोट न टेकवता बोट फिरवलं. मग मान हलवली, पण बोलले नाहीत.

"मामा, चूक माझी होती," मी म्हटलं. रांगेतली माणसं ऐकत होती, ऐकू देत. "मीच सांगितलं होतं धुवायला, आणि सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. सगळ्यांसमोरच माफी मागायला पाहिजे होती, ती उद्या मागेन. आता आधी इथं मागते. पण तुम्ही असं रुसून राहू नका. बोला की काहीतरी."

"रुसायला काय झालं?" मामांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुमीच म्हनला न्हवं का, एक शबुद नगं म्हून."

काल दुपारपासून आज संध्याकाळपर्यंत हा माणूस माझ्या सांगण्यावरून गप्प होता.

"ते मी मागं घेतलं," मी कसंबसं म्हटलं. "बोला आता."

"मंग काल सांगत हुतो त्येच सांगतो," मामा म्हणाले. "त्या बाटल्यांच्या बुडाला खूण हाय. धुतल्याल्या समद्या बाटल्यांच्या बुडाला मी काच कापायच्या हिऱ्यानं येक रेघ मारल्याली हाय. पल्टनीत जुनं आन नवं सामान वळख ठिवल्याबिगर येका जागी ठिवत न्हाईत. पयल्या बाटलीपासनं मारतोय मी रेघ."

साताऱ्याची यष्टी लागली. रांग हलली. मी मामांच्या डब्याला हात घातला.

"मामा, पुढच्या गाडीनं गेलात तर चालेल?"

"सात वाजता हाय की दुसरी," ते म्हणाले आणि रांगेतून बाहेर आले.

परत येताना मी त्यांना सगळं सांगितलं: आवरण, पिशवी, तुकडे, शेपटी, निरोप. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, की मग जुन्याचा जो माल बनतो तो नव्याच्या तोडीचा असतो का. मी म्हटलं, अगदी तोच असतो, काही फरक नसतो.

"तुमच्या पेशींनी जुनं वापरलं तर तुमी टाळ्या वाजवता," ते म्हणाले. "तवा मी भाईर फरशी पुसत हुतो, आयकल्यात मी. आन आमी वापरलं तर आमच्यावर वरडता."

मी भर रस्त्यात हसत सुटले.

सर अजून थांबलेले होते. आम्ही शीतपेटी उघडली. फसलेले प्रयोग सोडले तर वाळवलेला प्रत्येक नमुना मी त्याच्या बाटलीसकट जपून ठेवलेला असतो, तारखेच्या क्रमानं, हे एक काम तरी मी नीट केलं होतं. सर तारीख आणि आकडा वाचायचे, मी बाटली काढायचे, मामा ती उलटी करून बुडावर अंगठ्याचं नख फिरवायचे. चष्मा लावला नाही, लागत नव्हता.

"धुतल्याली."

"धुतल्याली."

"नवी."

"धुतल्याली."

गेल्या वर्षाचे बहुतेक नमुने गेले. मी ते एका बाजूला काढत होते. पण मधेमधे 'नवी' येत होतं, आणि कधी सलग तीन-चार. पुण्याहून खोका आल्यानंतरचे आठवडे असणार ते, तेव्हा ट्रे नव्या बाटल्यांनी भरलेला असायचा. सरांच्या वहीत तिसऱ्या जागेपुढं एकेक बरोबरची खूण पडायला लागली. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं.

सर्वांत शेवटी पहिल्या वर्षाचा डबा निघाला, तळाशी, बर्फ धरलेला. वरच्या कागदावर माझं तेव्हाचं अक्षर होतं, फार टापटिपीचं. ज्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या त्या दिवशीच्या तीन बाटल्या त्यात होत्या. आबांना फोन केला होता तो दिवस. सगळं काम जिथून सुरू झालं ते खोटं निघालं असतं, तर बाकीच्या खुणा घेऊन मी समितीपुढं उभी राहिले असते, पण खोडवा हा शब्द उच्चारायला धजले नसते.

"एक," सर म्हणाले.

"नवी."

"दोन."

"नवी."

तिसरी बाटली मी मामांच्या हातात दिली तेव्हा माझी बोटं तिला चिकटली होती, गारठ्यानं की कशानं कोण जाणे. मामांनी ती उलटी केली. बुडावर बर्फाचा पातळ थर होता, नख चालेना. त्यांनी ती शर्टाच्या बाहीला पुसली, तळहातात धरून ऊब दिली, पुन्हा पुसली. मग अंगठा फिरवला. एकदा. खात्री करायला परत एकदा, दुसऱ्या दिशेनं.

"नवी हाय, म्याडम," मामा म्हणाले.